घर न सोडणारी सिंधू आणि तिचे नाटककार राम गणेश गडकरी

दिवाळी सरली, धानाची कापणी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांमध्ये नाटकांचे दिवस सुरू होतात. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचे मुख्य ठाणे. नाटक मंडळ्यांची कार्यालये तिथे आहेत आणि गावोगावची माणसे तिथे जाऊन आपल्या गावासाठी नाटक ठरवतात. गावात कुठे शंकरपट असतो, कुठे मंडई. दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. उशिरा उघडलेला पडदा पहाटेच पडतो. झाडी म्हणजे जंगल, म्हणून ही झाडीपट्टी रंगभूमी.

या नाटकांत गाणी लागतात, विनोदी पात्र लागते आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणणारा एक संसार लागतो. हा संसार बरेचदा दारूने मोडलेला असतो. नवरा वाया गेलेला, बायको सोसणारी. ही जोडी मराठी रंगभूमीवर कायमची बसवली ती राम गणेश गडकरी यांनी. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ या नाटकातले सुधाकर आणि सिंधू आजही जुने झालेले नाहीत.

पण सिंधू एक अवघड प्रश्नही मागे ठेवून गेली. लग्नानंतर बाईचे स्वतःचे असे काही उरते का? गडकऱ्यांनी हा प्रश्न कसा मांडला, कुठे थांबवला आणि पुढे त्याचे काय झाले, हे समजून घ्यायचे तर आधी त्यांचे छोटेसे आयुष्य पाहावे लागते.

गुजरातेत बालपण, पुण्यात घडण

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातमधल्या नवसारीत झाला. बालपणही गुजरातेतच गेले. पुढे ज्यांची मराठी सगळ्या महाराष्ट्राने पाठ केली, त्यांचे सुरुवातीचे शिक्षण गुजरातीत झाले होते, याचे आजही नवल वाटते. १८९३ मध्ये, ते आठ वर्षांचे असताना, वडील वारले. घराची घडी विस्कटली आणि कुटुंब पुण्यात आले.

पुण्यात त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात नाव घातले, पण शिक्षण पुरे झाले नाही. मन नाटकात गुंतले होते. किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकवण्याचे काम त्यांना मिळाले. त्या काळी नाटक मंडळी म्हणजे एक फिरते घरच असे. लहान मुले तिथे राहायची, गाणे आणि अभिनय शिकायची आणि त्यांतलीच काही पुढे स्त्रीभूमिका करायची. स्त्रियांनी रंगमंचावर उभे राहणे प्रतिष्ठित समाजाला मान्य नव्हते. नाटकातली बाई लिहायची पुरुषाने आणि साकारायचीही पुरुषानेच, अशी रीत होती. गडकऱ्यांच्या सगळ्या नायिका या व्यवस्थेत जन्मल्या, हे लक्षात ठेवायला हवे.

त्यांचे गुरू होते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. कोल्हटकरांचा जन्म नागपूरचा आणि वकिली वऱ्हाडातली. विनोदी लेखन आणि सामाजिक प्रश्नांवरचे संगीत नाटक या दोन्ही वाटा गडकऱ्यांना त्यांच्याकडून मिळाल्या. दारूच्या व्यसनाचा विषयही गुरूंनी आधीच ‘मूकनायक’ या नाटकात घेतला होता. शिष्याने तोच विषय पुढे टोकापर्यंत नेला.

गडकरी तीन नावांनी ओळखले जात. कविता गोविंदाग्रज या नावाने, विनोद बाळकराम या नावाने आणि नाटके स्वतःच्या नावाने. गोविंदाग्रजांचा ‘वाग्वैजयंती’ हा संग्रह प्रेमाच्या आणि प्रेमभंगाच्या कवितांनी भरलेला आहे. त्यांच्या घरातही सगळे सुरळीत नव्हते. त्यांची दोन लग्ने झाली आणि पहिला संसार टिकला नाही. न जुळलेला संसार त्यांनी नुसता ऐकलेला नव्हता.

सिंधूच्या आधीच्या बायका

गडकऱ्यांनी चार नाटके पूर्ण केली. चारही नाटकांत लग्न हाच पेच आहे.

पहिले ‘प्रेमसंन्यास’ १९१२ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने केले. त्यात जयंताचे मन बालविधवा लीलेत गुंतले आहे, पण घरात लग्नाची बायको मनोरमा आहे. विधवेने पुन्हा लग्न करावे की नाही, हा त्या काळचा पेटता प्रश्न इथे आहे. त्याच्या आडून दुसरा प्रश्नही दिसतो. ज्या बायकोवर नवऱ्याचे प्रेम नाही, तिने काय करायचे? विधवेबद्दल समाज निदान वाद घालत होता. नकोशा झालेल्या सवाष्णीबद्दल कोणी बोलत नव्हते.

१९१६ मधले ‘पुण्यप्रभाव’ दुसऱ्या टोकाला जाते. त्यातली वसुंधरा ही पतिव्रता. तिच्यावर डोळा ठेवणाऱ्या वृंदावनासमोर ती तिच्या निष्ठेच्या बळावर उभी राहते आणि त्या निष्ठेपुढे त्याची दुष्टता हरते. इथे पातिव्रत्य ही एक शक्ती आहे. ती बाईला वाचवते, वाईट माणसालाही बदलते.

‘भावबंधन’ रंगभूमीवर आले ते गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ च्या ऑक्टोबरात. त्यात मानी स्वभावाची लतिका आहे आणि अपमानाचा सूड घ्यायला निघालेला घनश्याम आहे. मुलीचे लग्न हे दुसऱ्याला नमवण्याचे हत्यार कसे होते, ते या नाटकात दिसते.

ही नाटके शेजारी ठेवली की एक गोष्ट ध्यानात येते. गडकरी स्त्रीच्या निष्ठेची थोरवी गातात, पण त्या निष्ठेची परीक्षाही पुन्हा पुन्हा घेतात. ‘पुण्यप्रभाव’मध्ये निष्ठा जिंकली. ‘एकच प्याला’मध्ये त्यांनी तीच निष्ठा घेतली आणि समोर दारू ठेवली.

‘एकच प्याला’त काय घडते

सुधाकर हा हुशार, मानी, तरुण वकील. कोर्टात त्याचा अपमान होतो आणि त्याची सनद काही काळासाठी काढून घेतली जाते. डोक्यातली आग विझत नाही, झोप येत नाही. अशा वेळी तळीराम त्याला दारूचा पहिला प्याला देतो. एकाच प्याल्याने काय होणार, हा विचारच त्याला बुडवतो.

पुढची घसरण गडकऱ्यांनी पायरी-पायरीने दाखवली आहे. आधी कामधंदा जातो, मग पैसा, मग मान. मधल्या काळात सुधाकर दारू सोडायचे ठरवतो, नोकरीसाठी वणवण करतो आणि धुडकावला गेल्यावर पुन्हा प्याल्याकडे वळतो. व्यसनी माणसाला दुष्ट ठरवून नाटककार मोकळा होत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकात ही समज होती, हे विशेष आहे.

सिंधू श्रीमंत माहेरची. भाऊ पद्माकर तिला आधार द्यायला तयार आहे. पण माहेरचा पैसा घ्यायचा नाही, नवऱ्याच्या घरात मिळेल त्यावर राहायचे, असे ती ठरवते. लोकांचे दळण दळते, उपाशी राहते, पदरात तान्हे मूल आहे. शेवटी दारूच्या धुंदीत सुधाकरच्या हातून ते मूल मरते आणि सिंधूवरही प्राणांतिक घाव बसतो. मरताना ती नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. त्यानंतर सुधाकर विष घेऊन आयुष्य संपवतो.

नाटकात आणखी दोन बायका आहेत, त्यांच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष कमी जाते. एक गीता, तळीरामची बायको. दारुड्याचा संसार तिच्याही वाट्याला आला आहे, पण ती फटकळ आहे, नवऱ्याला तोंडावर सुनावते. दुसरी शरद, सुधाकरची बालविधवा बहीण. तिच्या पुनर्विवाहाचा विचार नाटकात येतो. म्हणजे एकाच नाटकात सोसणारी, भांडणारी आणि नव्याने संसार मांडू शकणारी अशा तिन्ही बायका गडकऱ्यांनी ठेवल्या आहेत. मात्र गाभाऱ्यात बसवली ती सोसणारीलाच.

सावनेर, २३ जानेवारी १९१९

गडकऱ्यांना क्षयाने गाठले होते. या आजारावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. शेवटचे दिवस त्यांनी नागपूरजवळच्या सावनेरला काढले. तिथेच २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ३३. ‘राजसंन्यास’ हे संभाजी महाराजांवरचे नाटक अपुरे राहिले.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तेव्हा २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि सुधाकर होते गणपतराव बोडस. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली होती. भरजरी शालूंसाठी ओळखले जाणारे बालगंधर्व ठिगळ लावलेल्या लुगड्यात जात्यावर बसलेले पाहून प्रेक्षक हेलावले. नाटक अमाप चालले. ते यश पाहायला नाटककार हयात नव्हता.

सिंधू जात का नाही?

आजचा प्रेक्षक हा प्रश्न सर्वांत आधी विचारतो. त्याचे पहिले उत्तर कायद्यात आहे. १९१९ मध्ये हिंदू बाईला घटस्फोट देणारा कायदाच नव्हता. त्याआधी १८८४ मध्ये मुंबईत रखमाबाईंवर नवऱ्याने खटला भरला होता. लहानपणी लावून दिलेले लग्न मान्य करून नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला होता. १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली आणि रखमाबाई शिकून डॉक्टर झाल्या. नकार देणे शक्य होते, पण त्याची किंमत किती होती, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले होते.

ज्या बडोद्यात सिंधू पहिल्यांदा रंगमंचावर मेली, त्याच बडोदा संस्थानाने बारा वर्षांनी, १९३१ मध्ये, हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. सगळ्या देशातल्या हिंदूंना तो हक्क १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाला.

दुसरे उत्तर जातीत आणि चालीरीतींत आहे. काडीमोड आणि पाट या गोष्टी शेतकरी आणि कष्टकरी जातींत जुन्याच होत्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंड, माडिया समाजांतही नवरा-बायकोने वेगळे होणे आणि पुन्हा लग्न करणे रूढीला धरूनच आहे. नवऱ्याच्या घरातच मरण्याची सक्ती मुख्यतः पांढरपेशा घरांतली. नाटके लिहिणारे आणि तिकीट काढून ती पाहणारे बरेचसे याच घरांतले असल्याने ही एका वर्गाची रीत सगळ्या मराठी बाईचा आदर्श म्हणून गाजली.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. सिंधूला जायला जागा होती. माहेर श्रीमंत होते, भाऊ पाठीशी होता. दार बाहेरून बंद नव्हते. चांगली बायको असणे हीच तिची स्वतःची ओळख होती. ती ओळख सोडली तर मी कोण, याचे उत्तर तिला कोणी शिकवलेच नव्हते. म्हणून ती जे काही ठरवते, ते सगळे काहीतरी सोडण्याचेच असते. माहेर सोडते, अन्न सोडते, शेवटी खरे सांगण्याचा हक्कही सोडते.

प्रेक्षकांनी याला थोर त्याग मानले. पण नाटकाचा हिशेब वेगळा आहे. सिंधूच्या निष्ठेने सुधाकर सुधारत नाही, मूल वाचत नाही, घरही वाचत नाही. ‘पुण्यप्रभाव’मध्ये पातिव्रत्याने दुष्टाला बदलले होते, इथे ते एका प्याल्यापुढेही टिकले नाही. गडकऱ्यांनी सिंधूची पूजा केली हे खरे आहे. त्या पूजेने कोणाचे भले झाले नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे.

घराबाहेर पडलेल्या नायिका

युरोपच्या रंगभूमीवर हा प्रश्न चाळीस वर्षे आधी येऊन गेला होता. डिसेंबर १८७९ मध्ये कोपनहेगनला हेन्रिक इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाऊस’चा पहिला प्रयोग झाला. त्यातली नोरा नवरा आणि मुले मागे ठेवून घराबाहेर पडते. नोराचा नवरा दारुडा नाही, मारकुटाही नाही. तो तिला बाहुलीसारखे जपतो, पण माणूस मानत नाही. तेवढे कारण तिला पुरते. नोराला जायला ठिकाण नाही, तरी ती जाते. सिंधूला ठिकाण आहे, तरी ती राहते.

मराठीत हे वारे १९३० नंतर जोराने शिरले. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केले. श्रीधर विनायक वर्तक यांनी ते नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून लिहिले होते. लग्नाआधीच्या वागणुकीची एकच कसोटी पुरुषालाही का लावू नये, हा मूळ नाटकाचा प्रश्न होता. या प्रयोगात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. ज्योत्स्ना भोळे त्यांपैकी एक. नाटकातली बाई आता निदान स्वतःच्या आवाजात बोलू लागली.

पुढच्याच वर्षी प्रल्हाद केशव अत्रे यांचे ‘घराबाहेर’ आले. अत्रे स्वतःला गडकऱ्यांचे शिष्य म्हणवत. गुरूने जी नायिका घरात मरू दिली, तिला शिष्याने उंबरठ्याबाहेर आणले. त्यानंतर अनंत काणेकरांनी इब्सेनचे मूळ नाटकच ‘घरकुल’ या नावाने मराठीत आणले.

जंगलातल्या जिल्ह्यांचे उत्तर

चंद्रपूर आणि गडचिरोलीने या प्रश्नाला आणखी एक उत्तर दिले, आणि ते रंगमंचाबाहेर दिले.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. गावोगावच्या लोकांनी, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रियांनी, दारूबंदीची मागणी लावून धरली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या चळवळीत होते. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी लागू झाली. डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी निघाल्या. श्रमिक एल्गार ही संघटना आणि तिच्या पारोमिता गोस्वामी यांनी हा लढा उभा केला होता. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरातही दारूबंदी झाली.

महाराष्ट्रात दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावातल्या स्त्रियांचे मतदान घेता येते. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद कर. महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली तर दुकान बंद होते. नवऱ्याच्या प्याल्यावर बायकोचे मत घ्यावे, ही कल्पना सिंधूच्या काळात कोणाला सुचलीही नसती.

या लढ्याला मर्यादा आहेत. बंदी आली तरी चोरटी दारू मिळतच राहिली. २०२१ मध्ये सरकारने चंद्रपूरची बंदी उठवली, तेव्हा अवैध विक्रीचेच कारण पुढे केले होते. मोहाच्या दारूला आदिवासी समाजाच्या पूजेत आणि सणांत जागा आहे, त्यामुळे सरसकट बंदी हा तिथे नाजूक विषय ठरतो. कायद्याने घरातला मार आपोआप थांबतही नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे आणि तो वापरण्याची हिंमत प्रत्येक बाईला गोळा करावी लागते.

तरीही या बायकांनी केलेली गोष्ट मराठी नाटकाला सुचली नव्हती. नाटकापुढे दोनच वाटा होत्या. सिंधूसारखे घरात राहून मरायचे किंवा नोरासारखे दार ओढून निघून जायचे. चिमूरहून निघालेल्या बायकांनी संसारही सोडला नाही आणि तोंडही मिटले नाही. घरातले दुखणे त्यांनी चव्हाट्यावर आणले. सिंधूने मरतानाही नवऱ्याचे नाव झाकले. या बायकांनी आपल्या घरात काय चालते, ते सरकारच्या दारात जाऊन सांगितले.

गडकरी आज कसे वाचावेत

गडकऱ्यांना सिंधूच्या भोळेपणासाठी दोष देणे सोपे आहे. पण ३३ वर्षांच्या आयुष्यात, पुरुषांनीच स्त्री व्हायच्या रंगभूमीवर, त्यांनी संसाराचे जे चित्र काढले त्यात खोटेपणा नाही. व्यसनी माणूस कसा घसरतो ते त्यांनी नेमके पाहिले. बाईचा त्याग कुठे कमी पडतो, हेही त्यांनी लपवले नाही. फक्त त्यापुढचे पाऊल त्यांनी टाकले नाही. गीतेची जीभ त्यांनी विनोदाकडे वळवली आणि टाळ्या सिंधूच्या मरणाला दिल्या.

म्हणून ‘एकच प्याला’ वाचताना किंवा पाहताना सिंधूसाठी रडून झाले की एकदा गीतेकडे पाहावे. दोघींच्याही घरात दारू आहे. दोघींपैकी बोलते ती एकटी गीता. वडशाच्या मंडळ्या आजही दारूने मोडलेला संसार गावोगावच्या मंडपात मांडतात. समोर बसलेल्या बायकांमध्ये आता आडवी बाटली निवडलेल्याही असतात.